पिवळ्या गाडीतली बारीक शिट्टी

आमच्या ह्यांचा कान गेलाय हे मला वर्षभर आधीपासून माहीत होतं. ह्यांना माहीत नव्हतं. ऐकायला विचित्र वाटेल, पण ज्याचा कान जातो त्याला ते कळूच नये अशी व्यवस्था घरातल्या कोणी केली, तर खरंच कळत नाही. आमच्याकडे ती व्यवस्था मी केली होती.

हे गाड्या दुरुस्त करतात. पुढे गॅरेज, मागे दोन खोल्या, आणि मध्ये स्वयंपाकघर. त्याची खिडकी सरळ गॅरेजमध्ये उघडते. सव्वीस वर्षं त्या खिडकीशी भाजी चिरता चिरता मी इंजिनं ऐकत आलेय. लोक ह्यांना 'कानवाले मिस्त्री' म्हणतात. ह्यांच्याकडे लाकडी मुठीचा एक हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हर आहे. वस्तादांनी शिकवून सोडलं तेव्हा दिलेला. त्याचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. त्या वेळी गिऱ्हाइकाने बोलायचं नाही, खोकला आला तर बाहेर जायचं. गॅरेजमध्ये रेडिओ तर ह्यांनी कधी येऊच दिला नाही. मग डोळे उघडून ह्यांचं एकच वाक्य, "पाण्याच्या पंपाचं बेअरिंग." खोलून बघावं तर तेच असायचं. दुसऱ्या मिस्त्रींनी हात टेकलेल्या गाड्या आमच्याकडे यायच्या. ह्यांना त्याचा गर्व होता. बोलून दाखवत नसत, पण मूठ पुसताना दिसायचा.

मला कळलं ते भातामुळे. माझ्याकडे डबीएवढं पांढरं टायमर होतं, वेळ झाली की बीप-बीप करणारं. एकदा ते लावून मी मागे कपडे वाळत घालायला गेले. ते वाजायला लागलेलं मला बाहेर ऐकू आलं. वाजतच राहिलं. आत आले तर भात करपलेला, आणि हे टायमरपासून हातभर अंतरावर उभे राहून निवांत संत्रं सोलताहेत.

"अहो, वाजतंय ना ते," मी म्हटलं.

"काय वाजतंय?"

त्यांच्या तोंडाकडे बघून मला कळलं, ते थट्टा करत नव्हते. आणि मी म्हटलं, "काही नाही. खराब झालं वाटतं ते." टायमर बंद केलं, सेल काढले आणि खालच्या खणात टाकून दिलं. त्या दिवशी माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

तिथून मग सुरू झालं. दाराची किणकिणती घंटा काढून घरघरणारी बसवली. ह्यांच्या फोनला ढोलकीसारखी रिंग लावली. बायका गाडी घेऊन आल्या की मी खिडकीत उभी राहायची आणि त्यांचं बोलणं "म्हणजे गिअर टाकताना खरखरतं होय?" असं करून ह्यांना परत ऐकवायची. माझा स्वतःचा आवाजही मी खाली आणला, कारण जाड आवाज ह्यांना नीट कळायचा. माझी धाकटी जाऊ एकदा म्हणालीसुद्धा, "ताई, तुमचा आवाज किती घोगरा झालाय. दाखवा कोणाला तरी." मी हसून वेळ मारून नेली. झाकली मूठ सव्वा लाखाची. मला भीती वाटत होती, दुसरं काही नाही. ह्या माणसाचा कान काढून घेतला तर खाली काय उरतं, हे मला बघायचं नव्हतं.

आणि निभत होतं. साध्या गाड्यांची दुखणी जाड आवाजाची असतात, खडखड, घरघर, ठोके. ती ह्यांना ऐकू यायची. गेला होता तो फक्त बारीक, वरच्या पट्टीतला आवाज. मग पिवळी गाडी आली.

ती आमच्या भाऊजींची, म्हणजे ह्यांच्या धाकट्या भावाची. भाऊजी दिवसभर विमा कंपनीत खुर्चीवर बसून लोकांच्या अपघातांचे कागद तपासतात आणि संध्याकाळी मोबाइलवर वेगाच्या गाड्या बघतात. चाळिशी आली, घरात पाच महिन्यांचं बाळ आलं, आणि आता घेतली नाही तर कधीच घेणार नाही म्हणून त्यांनी एका दातांच्या डॉक्टरकडून जुनी, टर्बोवाली, दोन दारांची गाडी घेतली. पिवळीधमक. नाव ठेवलं वाघीण. मी म्हटलं, "भाऊजी, वाघिणीच्या पाठीवर बाळाची खुर्ची कशी बसवणार?" तर म्हणाले, "वहिनी, मागे पट्टे आहेत, मापून घेतलंय."

गुरुवारी ती आमच्या दारात आली. रविवारी पहाटे भाऊजी, जाऊबाई आणि बाळ तिच्यातून घाट चढून जावेच्या आईकडे जाणार होते. त्या माउलीने नातवाचं तोंड अजून पाहिलं नव्हतं.

जुनी गाडी घेतली की ह्यांचा एक नियम असतो. मागच्या मालकाचं सगळं खोटं धरायचं आणि आपल्या हाताने खरं करायचं. शिक्क्यांनी भरलेलं सर्व्हिस बुक भाऊजींनी मोठ्या कौतुकाने पुढे केलं. ह्यांनी ते न उघडता फळीवर ठेवलं आणि गाडीखाली शिरले. इंजिनाचं तेल, फिल्टर, गिअरचं तेल, ब्रेकचं तेल, सगळं काढून नवं भरलं. प्लग काढून खिडकीच्या उजेडात एकेक निरखले. टायरची नक्षी छान खोल होती. भाऊजी म्हणाले, टायर तरी राहू दे दादा. ह्यांनी टायरच्या कडेवरचे चार आकडे बोटाने दाखवले. आठवडा आणि वर्ष. टायर सात वर्षांचे होते. "नक्षी शाबूत आहे कारण गाडी उभीच होती. रबर मेलंय," हे म्हणाले. भाऊजींनी निमूट टायर बदलले.

शनिवारी दुपारपर्यंत एकच गोष्ट राहिली, टायमिंग बेल्ट. सव्वीस वर्षांत मला समजलंय ते असं, की असल्या इंजिनात वरून झडपा आणि खालून पिस्टन एकाच जागेत आळीपाळीने येतात. दातेरी बेल्ट त्यांची पाळी सांभाळतो. बेल्ट सुटला की दोघं एकमेकांवर आदळतात आणि इंजिन तिथल्या तिथे संपतं. चालत्या गाडीत तसं झालं तर स्टिअरिंग जड होतं, ब्रेकही एकदोनदा दाबल्यावर दगडासारखा होतो. घाटातल्या वळणावर तेवढं पुरतं.

पण बेल्ट बघायचा तर इंजिन खालून टेकू देऊन उचलायचं, एका बाजूचा आधार सोडवायचा, मग कव्हर. अर्ध्या दिवसाचं काम. भाऊजींनी बॉनेटच्या आतलं स्टिकर दाखवलं. 'बेल्ट बदलला', खाली तारीख आणि किलोमीटर. तारीख गेल्याच वर्षीची होती.

"इंजिन चालू कर," हे म्हणाले. लांब स्क्रू-ड्रायव्हर काढला, कव्हरवर टेकवला, मूठ कानाला लावली. भाऊजींनी श्वाससुद्धा रोखून धरला. मी खिडकीत, हातात सुरी आणि अर्धवट चिरलेला कोबी.

आणि मला ऐकू आलं. दुधाला कड यायच्या आधी पातेल्यातून जो बारीक आवाज येतो ना, तसा. एकसारखा, शिट्टीसारखा. तो त्या कव्हरच्या आतूनच येत होता.

ह्यांनी डोळे उघडले. "शांत आहे. बेल्ट नवाच आहे."

मी खिडकीतूनच विचारलं, "भाऊजी, शिट्टीसारखं काही येतंय का हो?"

"टर्बो तो वहिनी," भाऊजी खुशीत म्हणाले. "त्या आवाजासाठीच तर घेतली."

माझा जीव भांड्यात पडला. मी परत कोबीकडे वळले. चार काप टाकले असतील नसतील, सुरी थांबली. ह्याच खिडकीतून मी ह्यांना एका गिऱ्हाइकाला सांगताना ऐकलं होतं, टर्बो उभ्या गाडीत ओरडत नाही, दम दिल्यावर, म्हणजे ॲक्सिलरेटर दाबल्यावर ओरडतो. आणि ही गाडी उभी होती. कोणी दम दिला नव्हता.

धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. भाऊजी मागच्या सीटवर बाळाची खुर्ची बसवत होते. करड्या रंगाची, तिच्या पट्ट्यावर सशांची चित्रं. हे हात धुवायला निघाले होते. हात धुतले की काम संपलं, मग ते बॉनेट पुन्हा उघडत नाहीत. मी सुरी ठेवली आणि गॅरेजमध्ये गेले.

"अहो, ते कव्हर उघडून बघा."

"ऐकलं मी."

"मागच्या मालकाचं सगळं खोटं धरायचं, हे तुमचंच ना? मग स्टिकर कसं खरं धरलं?"

"स्टिकर नाही धरलं. कान धरला."

भाऊजी सीटवरून डोकं बाहेर काढून म्हणाले, "वहिनी, दादाने ऐकलंय म्हटल्यावर विषय संपला. पहाटे निघायचंय आम्हाला."

ह्यांनी साबण खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं आणि अगदी हळू विचारलं, "माझ्या कानावर विश्वास नाही तुझा?"

सव्वीस वर्षांत असं ह्यांनी मला कधी विचारलं नव्हतं, विचारायची वेळच आली नव्हती. उत्तर माझ्या दातांपर्यंत आलं होतं. पण समोर धाकटा भाऊ, ज्याला ह्यांनी सायकलच्या दांड्यावर बसवून शाळेत पोचवलं. त्याच्यासमोर माझ्याने ते बोलवेना.

"भाऊजी," मी म्हटलं, "कूलंटचा एक जादा डबा जवळ असू द्या. घाटात लागतो. आत्ता घेऊन येता?" चक्क थाप. कूलंट काठोकाठ होतं. भाऊजी कुरकुरत स्कूटर काढून गेले.

मी आत धावले. खालच्या खणातून टायमर काढलं, टीव्हीच्या रिमोटचे सेल त्यात घातले. एक सेल दोनदा खाली पडला. बाहेर येऊन टायमर ह्यांच्या कामाच्या टेबलावर, पान्यांच्या शेजारी ठेवलं आणि बटण दाबलं. ते वाजायला लागलं. रिकाम्या गॅरेजात त्याचा आवाज मला टाळक्यात खिळा ठोकल्यासारखा लागत होता.

"हे काय?" हे म्हणाले. "खराब झालंय म्हणालीस ना?"

"वाजतंय ते."

त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. माझ्या चेहऱ्यावर हसू शोधत होते. मग त्यांनी टायमरकडे बघितलं. प्रत्येक बीपबरोबर त्याचा लाल दिवा लुकलुकत होता. त्यांनी ते उचलून उजव्या कानाशी नेलं. मग डाव्या. परत उजव्या. शेवटी मुठीत धरून दाबलं, आणि तेव्हा त्यांच्या तळव्याला आतली थरथर लागली असणार, कारण त्यांचा चेहरा बदलला.

"कधीपासून?"

"मागच्या वर्षापासून."

"तुला माहीत होतं."

"हो."

मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर मी उलट ओरडले असते, आमचं ते जमतं. ते ओरडले नाहीत. भिंतीवरच्या, गाड्यांच्या किल्ल्या टांगायच्या रिकाम्या खिळ्यांकडे बघत म्हणाले, "वर्षभर गाड्या सोडल्या मी. ह्या कानावर. लोक पोराबाळांना घेऊन गेले त्यातून."

हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. शपथेवर सांगते. मी ह्यांची मूठ झाकत बसले आणि त्या दारातून बाहेर पडणाऱ्या गाड्यांकडे एकदाही बघितलं नाही. मला रडू आलं. आणि रडायचा हक्क आपला नाही हे कळल्यामुळे स्वतःचा इतका राग आला, की कानशिलं तापली.

"जॅक सरकव इकडे," हे म्हणाले.

इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा ठेवून टेकू दिला. बोल्ट सैल केले. हे काही न बोलता हात पुढे करायचे आणि मी त्या हातावर पाना ठेवायची. चुकीचा ठेवला तर तो तसाच धरून थांबायचे. शेवटी कव्हर निघालं.

आतला बेल्ट कोराकरकरीत होता. दातांवरची पांढरी अक्षरंसुद्धा पुसली नव्हती.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मी विसरणार नाही. म्हणजे माझंच चुकलं होतं तर. उगाच मी ह्या माणसाला भर दुपारी त्याच्याच गॅरेजात उघडं पाडलं होतं. मी जुन्या टायरवर बसले.

हे मात्र थांबले नाहीत. इंजिन खुणेवर आणून, फिरू नये म्हणून अडकवलं, बेल्ट सैल करून उतरवला. बेल्टला ताण देणारी एक छोटी पुली असते, टेन्शनरची; ती अडकली की नवा बेल्टही सुटतो. ती त्यांनी एका बोटाने फिरवली. थांबले. पुन्हा फिरवली. मग मला हाक न मारता माझं मनगट धरून ओढलं आणि माझं बोट त्या पुलीवर टेकवलं. आत वाळू भरल्यासारखं करकरत होतं. मागच्या बाजूला धातू तापून निळसर झाला होता, आणि वंगण म्हणायला एक करपलेली रेघ.

"मागच्या मिस्त्रीने बेल्ट नवा टाकला आणि पुली तीच ठेवली," ते म्हणाले. "आळशी मेला." एवढं बोलून ते किती वेळ ती पुली नुसती फिरवत राहिले.

तेवढ्यात स्कूटर आली. भाऊजी कूलंटचा डबा घेऊन आत आले आणि वाघिणीची उघडी कूस बघून जागीच उभे राहिले. "दादा, अरे हे काय? शांत आहे म्हणालास ना?"

माझ्या तोंडात थाप तयार होती. वर्षभराची सवय. मीच हट्ट धरला, म्हटलं जाता जाता बघून घ्या, असलं काहीतरी. मी तोंड उघडलं तर ह्यांनी माझ्याकडे न बघताच हात आडवा केला.

"मला ऐकू आलं नाही," हे म्हणाले. "हिला आलं. मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत."

भाऊजी हसले. मग माझ्याकडे बघितलं आणि त्यांचं हसू थांबलं. ह्यांनी पुली सोडवून त्यांच्या हातात दिली. "फिरव."

भाऊजींनी फिरवली. करकर त्यांच्याही बोटाला लागली. विमा कंपनीत रोज जळल्या-मोडल्या गाड्यांचे फोटो बघणारा माणूस तो. त्यांनी एकदा मागच्या सीटवरच्या सशांकडे बघितलं, खिशातून स्कूटरची किल्ली काढली आणि म्हणाले, "स्पेअर पार्टवाला सहापर्यंत असतो. मी आलोच." इंजिन त्याच कंपनीच्या साध्या गाडीचंच होतं, वर टर्बो चढवलेला, म्हणून पुली मिळाली.

नवी पुली, बेल्टही पुन्हा नवा. खुणा जुळवल्या, अडकवण काढली. बेल्ट चढवल्यावर ह्यांनी कधीच किल्ली फिरवलेली नाही, आधी खालच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवायचं. एखादा दाता चुकला असेल तर हाताला अडतं. किल्ली मारली असती तर मोडलं असतं. वस्तादांची शिकवण. पहिला फेरा झाला. दुसऱ्यात अर्ध्यावर पाना थांबला. भाऊजी माझ्याकडे बघायला लागले. ह्यांनी डोळे मिटले, पाना एक बोटभर मागे घेतला, पुन्हा पुढे दाबला. इंजिनाने उसासा टाकला आणि पाना पुढे सरकला. आत कोंडलेली हवाच होती ती, चुकलेला दाता नव्हे. खुणा जुळल्या.

किल्ली भाऊजींनी फिरवली. ह्यांनी लांब स्क्रू-ड्रायव्हर उचलला, मूठ पुसली आणि माझ्यापुढे धरला.

मी तो कधी हातात घेतला नव्हता. आवरताना फडक्याने झटकायची, तेवढंच. मूठ एका बाजूने झिजून त्यांच्या कानाच्या आकाराची झाली होती. मी टोक टेकवलं, डोळे मिटले.

"काय येतंय?"

"जाड. एकसारखं."

"वर?"

"वर काही नाही."

"परत ऐक. बाळ बसणार आहे."

मी परत ऐकलं. तीन वेळा. मग म्हटलं, "शांत आहे." आणि ह्यांनी बॉनेट बंद केलं.

रविवारी नऊ वाजता भाऊजींचा घाटावरून फोन आला, आजीने बाळाला घेतलं म्हणून. ह्यांनी फोन ठेवला आणि गॅरेजची वही काढली, ज्यात कोणाच्या गाडीचं काय काम केलं ते मी लिहून ठेवते. वर्षभराची पानं मोजून बाजूला केली. कानावर सोडलेल्या गाड्या त्यांनी आठवून आठवून पेन्सिलीने खूण करून काढल्या. एक्केचाळीस निघाल्या.

"सगळ्यांना बोलवायचं," ते म्हणाले. "सांगायचं, एकदा गाडी घेऊन या, पुन्हा ऐकायचीय. कोण ऐकणार विचारलं तर सांगेन, बायको ऐकते. तू नंबर वाच."

मी पहिला नंबर वाचायला घेतला. जाड आवाजात, वर्षभर काढत होते तसा.

"तसा नको," ते वहीतून डोकं वर न काढता म्हणाले. "तुझा आवाज काढ. नाही ऐकू आलं तर विचारीन मी."

माझा आवाज पटकन सापडेना. दोनदा घसा खाकरला. मग माझ्या आवाजात मी नंबर वाचला. त्यांना मधले दोन आकडे कळले नाहीत, आणि त्यांनी विचारलं.